पाठीवरचं गाव

"सर, खोकं चुकून आलंय वाटतं. ही आपली न्हाई."

आमची कॅप्टन नसीमा मुजावर हातातली जर्सी उलटीसुलटी करून बघत होती. जिमखान्याच्या खोलीत आम्ही बारा जणी त्या खोक्याभोवती दाटीवाटीनं उभ्या होतो. इंगवले सर, आमचे कबड्डीचे प्रशिक्षक, खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"आपलीच आहे," सर म्हणाले. वळले मात्र नाहीत.

जर्सी राखाडी होती. बाजूनं पोपटी पट्टे, गळ्यालाही पोपटीच काठ. छातीवर कंपनीची खूण, खांद्यावर तीच, बाहीवरही तीच. कॉलेजचं नाव कुठंतरी मुंगीएवढं. आणि पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत एकच शब्द: वज्र. सगळ्या जर्स्यांवर तोच.

"वज्र कोण?" कुणीतरी विचारलं.

"कंपनीचंच काहीतरी असंल," नसीमा म्हणाली.

मी खोक्याच्या तळापर्यंत हात घातला. एकेक जर्सी काढून पाठ बघत गेले. कुठल्या तरी एका पाठीवर माझं गाव असेल अशी मला वेडी आशा होती. शेवटची जर्सी काढली, तेव्हा खाली नुसती प्लॅस्टिकची पिशवी उरली होती.

आमच्या कॉलेजात मुलींच्या पाठीवर आडनाव नसायचं, गाव असायचं. ही पद्धत इंगवले सरांनीच पाडलेली. तालुक्याच्या कॉलेजात खेळायला मुली मिळेनात, तेव्हा त्यांनी ही युक्ती काढली. पाठीवर गावाचं नाव आलं की अख्खं गाव सामना बघायला येतं आणि मग पोरीला घरी बसवायची कुणाची टाप होत नाही. मैदानावर आम्हांला नावानं कुणी हाक मारायचंच नाही. "धर गं बोरवडे!", "सोडू नको, कुंडल!" असा आरडाओरडा चालायचा. मात्र हे गाव फुकट मिळत नसे. पहिल्या सातांत जागा मिळाली तरच पाठीवर गाव. राखीव पोरींची पाठ कोरी.

मी दोन वर्षं कोऱ्या पाठीनं बसले होते. त्या वर्षी डाव्या कोपऱ्यात माझी जागा पक्की झाली. आमच्यात असंही होतं, की गावाचं नाव ज्याचं त्यानं दुकानात जाऊन सांगायचं, दुसऱ्याकडून निरोप पाठवायचा नाही. म्हणून मी एकटी स्टँडमागच्या मोमीनच्या दुकानात गेले. आमच्या जर्स्या कायम तिथंच व्हायच्या. रंगावरून आम्ही पोरी त्या दुकानात इतक्या भांडायचो की एकदा त्यांनी आम्हांला बाहेर काढून शटर ओढून घेतलं होतं. शेवटी जांभळा ठरला आणि तो आमचाच झाला.

"नाव सांग," मोमीनचाचा म्हणाले.

"सावरखोल."

"कुठं आलं हे?"

"धरणात," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. मग वहीत नाव लिहून घेतलं.

सावरखोल पाण्याखाली गेलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते खालचं, सपाटीवरचं. तारेच्या कुंपणातली आमची वसाहत. तिचं नाव वसाहत क्रमांक दोन. शाळेच्या दाखल्यावर तेच, रेशनकार्डावर तेच. शेजारच्या गावातली माणसं आम्हांला 'धरणवाले' म्हणायची, तेही नाक मुरडून. वसाहतीला आपल्या गावाचं नाव लावून मिळावं म्हणून माझे वडील, आबा, किती कचेऱ्या हिंडले त्याला गणती नाही. शेजारच्या गावानं हरकत घेतली. वसाहतीसाठी जमीन आमची गेली, नाव तरी आमचं राहू द्या, असं ते लोक म्हणायचे. आबा तसे गरीब स्वभावाचे, पण या एका गोष्टीवर हट्टाला पेटायचे.

माझी जागा पक्की झाल्यावर अशा माणसाकडं इंगवले सर मला सामन्यांत खेळू द्या म्हणायला आले होते. मोटारसायकल कुंपणाबाहेर लावून, चप्पल उंबऱ्याबाहेर काढून आत येऊन बसले. आईनं नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. सरांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. तेवढ्यावर आई खूश झाली. आबा होईनात.

"पोरीची जात हाय, सर. मैदानात लोळायचं, लोकं बघनार. आमी आदीच उपरी मान्सं."

"तिच्या पाठीवर काय असणार, ठाऊक आहे?" सर म्हणाले. "सावरखोल. सांगलीत खेळली तर सांगलीचे लोक वाचतील, पुण्यात खेळली तर पुण्याचे."

आबा हातातला घास तसाच धरून बसले. "आमच्या नावाचा येक बोर्डबी न्हाई वो कुटं."

"मग हाच बोर्ड समजा."

"शबुद देतासा?"

"दिला," सर म्हणाले. ताटावरून उठायच्या आधी म्हणाले.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "नाव हाय तवर खेळंल," एवढंच बोलले. मला काय, मी त्या दिवशी उड्या मारायच्याच बाकी ठेवल्या होत्या. मला खेळायचं होतं. आबांना नाव पाहिजे होतं. सरांनी एका दगडात दोघांनाही खूश केलं होतं.

आणि आता त्या खोलीत ते राखाडी खोकं.

"मोमीनचाचांनी आपल्या टाकल्यात की शिवायला," मी म्हणाले. "मी स्वतः नाव सांगून आलेय, सर."

"ती ऑर्डर रद्द झाली." सर आता वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी हे मुद्दाम सांगते, कारण ते डोळे मी पुढं कैकदा आठवून पाहिले. "संस्थेनं कंपनीशी करार केलाय, पोरींनो. सगळ्या खेळांचे कपडे फुकट. पण मग रंग त्यांचा, कापड त्यांचं, छपाई त्यांची. आपल्याला विचारायची पद्धतच नाही राहिली. मी खूप बोललो. माझं कोण ऐकतं?"

"आम्ही जुन्याच घालून खेळतो," नसीमा म्हणाली. "फाटक्या असू देत."

"खेळा. करार मोडला म्हणून मुलींचा संघच बंद करतील. तेच पाहिजे आहे काही जणांना."

मग मीच पुढं झाले. खरं म्हणजे सगळ्यांत जास्त माझं गेलं होतं, पण मला सरांचीच दया आली. मी म्हणाले, "असू दे सर. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आम्ही अगदीच गप्प बसलो असं नाही. नसीमा आणि मी प्राचार्यांकडं गेलो. ते फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, "इंगवल्यांनी कागद आणले, मी सही केली. कपड्यांतलं मला काय कळतं? त्यांनाच विचारा."

बाहेर आल्यावर नसीमा फणफणली. "बघितलंस? सगळं सरांवर ढकलून मोकळे. असली मोठी माणसं म्हणजे अंग चोरण्यात पटाईत."

मीही मान हलवली. आम्हांला तेव्हा तेच पटलं.

घरी मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की आबा वसाहतीत कुणाला तरी सांगताना ऐकू यायचे, "फायनलीला समद्यांनी यायचं बरं का. टेंपो सांगितलाय." आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच कॉलेजच्या मैदानावर होता. त्याच दिवशी विद्यापीठाच्या संघासाठी निवड होणार होती. मला वाटलं, एकदा निवड होऊ दे. मग शांतपणे सांगू. निवड झालेल्या पोरीला आबा कसं थांबवतील?

सामन्याच्या दिवशी टेंपो आला. वसाहतीतली म्हातारी-कोतारी, बायका, सगळे फेटे-लुगड्यांत नटून, जत्रेला निघाल्यासारखे. तरणी पोरं कामावर, त्यांना सुटी कुठली. आबा पुढं बसले होते. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मैदानाच्या कडेला आम्ही अंग मोकळं करत होतो, तिथंच ते सगळे येऊन थडकले. मला पळायला जागाच राहिली नाही.

"वळ बगू," आबा म्हणाले.

मी वळले. माझ्या पाठीमागं सगळे गोळा झालेले मला कळत होते. कुणीतरी पाठीला हात लावला. तो आबांचाच असणार, त्यांची बोटं खरखरीत होती.

"हे काय, इंग्रजीत हाय व्हय?" आबांनी विचारलं. आबा चौथी शिकलेले, मराठी पोथी वाचायचे, इंग्रजीचा मात्र गंध नाही.

तेवढ्यात सर पुढं आले. हात जोडून म्हणाले, "होय आबा. आता सगळं इंग्रजीतच छापतात. विद्यापीठाचा नियम आहे."

"सावरखोलच न्हवं?"

"सावरखोलच."

माझ्यामागं कुणीतरी हुंदका दिला. पारूआत्या असावी, ती फार लवकर रडते. आबांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि सगळ्यांना घेऊन कडेला जाऊन बसले.

मी सरांकडं बघितलं. त्यांनी मला डोळ्यांनीच 'राहू दे' अशी खूण केली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून सर चारचौघांत खोटं बोलले, असं मला वाटलं. आपल्यासाठी कोण असं करतं?

सामना मी जिवाच्या आकांतानं खेळले. एरवी लोक पोरींची गावं घेऊन ओरडायचे, त्या दिवशी त्यांना ओरडायला काही नव्हतं. कुणी 'ए राखाडी' म्हणे, कुणी वाचून 'वज्र, वज्र' करी. फक्त एका कोपऱ्यातून आवाज येत होता, "सावरखोल! सावरखोल!" आजूबाजूची माणसं माझ्या पाठीकडं बघत, मग त्या म्हाताऱ्यांकडं बघत आणि आपापसांत हसत. मला ते दिसत होतं. मी दात आवळून खेळत राहिले. समोरच्यांची सगळ्यांत भारी चढाई करणारी पोरगी माझ्या कोपऱ्याकडं पाय टाकायला आली, की मी तिचा घोटा धरत होते. शेवटच्या चढाईत तिनं मला रेषेपर्यंत फरफटत नेलं, कोपर सोललं, पण मी घोटा सोडला नाही. आम्ही जिंकलो.

बक्षिसं झाली. विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली, त्यांत माझं नाव होतं. यमुना झोरे. मी आबांकडं बघितलं तर ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मग कंपनीचा माणूस फोटो काढायला आला. हसतमुख, बोलका, पुण्याहून आलेला. "ताई, तोंडं तिकडं करा, मला पाठी हव्यात," म्हणाला. आम्ही बक्षिसाच्या ढालीकडं तोंड करून उभ्या राहिलो. फोटो झाल्यावर तो सरांना ओरडून म्हणाला, "सर, एकदम झकास आलाय! उद्घाटनाला हाच मोठा करून लावू."

"कसलं उद्घाटन?" मी विचारलं.

"तुम्हांला माहीत नाही?" त्याला खरंच नवल वाटलं. "सरांची अकादमी. बायपासला हॉल झालाय ना, वज्र कबड्डी अकादमी. दिवाळीनंतर सुरू."

नसीमा माझ्या शेजारीच होती. तिनं माझा दंड धरला.

"पण पाठीवर काय छापायचं ते कंपनीच ठरवते ना?" मी म्हणाले.

"छे, छे. रंग आमचा, कापड आमचं, पुढची बाजू आमची. पाठ आम्ही कॉलेजवर सोडतो. कुणी आडनाव घालतं, कुणी आणखी काही. तुमच्याकडनं सरांनीच कळवलं, सगळ्यांवर हेच घाला म्हणून." आणि तो पुढच्या फोटोला निघून गेला. त्याला काय ठाऊक, तो काय बोलून गेला ते.

मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. जर्सी काढली, मांडीवर घेऊन बसले. रडू आलं नाही. अंगाला घाण लागावी तसं वाटत होतं, धुतली तरी न जाणारी. त्यांनी नाव काढलं म्हणून नव्हे. नाव काढून भरल्या डोळ्यांनी आमच्यासमोर उभे राहिले, आणि मी त्यांना 'वाईट वाटून घेऊ नका' म्हणाले, म्हणून. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता, म्हणून.

तरीही मी आबांना सांगणार नव्हते. हे मी ठरवूनच बाहेर आले. सांगितलं तर माझं खेळणं संपणार हे मला चांगलं ठाऊक होतं. विद्यापीठाचा संघ, प्रवास, पुढचं सगळं. सर खोटारडे निघाले म्हणून मी का मरू? गिळू, असं म्हणत जर्सी हातात घेऊन मी टेंपोपाशी आले.

सगळे चढत होते. सर निरोप द्यायला आले होते, आबांचा हात हातात घेऊन उभे. कंपनीचा माणूस बाजूला खोक्यात जर्स्या भरत होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फोटोंसाठी त्या परत जायच्या होत्या.

"सर, येक मागू का?" आबा म्हणाले. "यमीची ही जर्सी आमाला द्या. वरनं, जुन्या गावातनं आणलेला देव हाय आमचा, त्याच्या देवळात लावतो. गावाचं नाव देवाजवळ असू दे."

मला वाटलं, आता तरी ते काहीतरी सबब सांगतील. कंपनीची आहे, देता येत नाही, एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं.

"न्या की," सर म्हणाले. "तुमच्याच गावाची आहे ती. मी त्यांना सांगतो."

पारूआत्यानं टेंपोतून हात लांब केला जर्सी घ्यायला. मी ती दिली नाही.

"आबा, ह्यावर आपलं गाव न्हाई."

"काय?"

"हे सरांच्या अकादमीचं नाव हाय. सरांनीच छापून घेतलंय. गाव त्यांनीच काढलं."

सर हसले. "यमुना, दमलीस तू. काहीतरी बोलतेस."

"त्या माणसाला विचारा," मी म्हणाले.

कुणाला विचारायची गरज पडली नाही. कंपनीचा माणूस खोक्यावरून मान वर करून बघत होता आणि त्याचा चेहराच सगळं सांगत होता. आबा सरांकडं बघत राहिले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सर, खरं हाय व्हय?"

"आबा, त्यात एवढं काय आहे? पुढच्या वर्षी घालू की गावाचं नाव. पोरीचं नाव झालं ना आज? विद्यापीठात गेली. ते कुणामुळं?"

आबांनी माझ्या हातातली जर्सी घेतली. देवळात लावायला घडी घालतात तशी नीट घडी घातली आणि सरांच्या हातात ठेवली.

"हे तुमचं हाय, तुमी घ्या," ते म्हणाले. "पोरगी आमची हाय. ती आमी नेतो."

मी सरांकडं बघत उभी राहिले. आजही सांगते, मी वाट बघत होते. 'चुकलो' एवढा एक शब्द जरी ते बोलले असते, तरी आबा विरघळले असते. माझे आबा तसे होते. मी तर त्यांच्या आधी विरघळले असते. मला खेळायचं होतं.

सर वळले. "अहो, ही एक राहिलीय," असं म्हणून त्यांनी जर्सी कंपनीच्या माणसाकडं दिली आणि खोकं बंद करायला त्याला हात लावू लागले.

नसीमा खोलीच्या दारात उभी होती. मला हाक मारत होती. मी टेंपोत चढले, पारूआत्यानं सरकून जागा दिली.